जोडटाक्यातली खुंटी

“सर, ते बुजू नका,” लहानूबाबा तिसऱ्यांदा म्हणाले आणि मी तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वैशाखातली दुपार होती. भोरकडा किल्ल्याच्या माथ्यावर, मोठ्या टाक्याच्या तळाशी मी गुडघाभर चिखलात उभा होतो. आमच्या गडसंवर्धन गटातले दहा जण घमेल्यांची साखळी करून गाळ वर देत होते. सिमेंटच्या सहा गोण्या आदल्या दिवशी डोक्यावरून वर आणल्या होत्या आणि माझी मान अजून वळत नव्हती. अशा वेळी काठावर उकिडवा बसलेला सत्तरीचा म्हातारा सकाळपासून तेच ते बोलत असेल, तर कुणाचंही डोकं फिरेल. माझं तर जरा लवकरच फिरतं.

भोरकड्याच्या पायथ्याला आमचं करंजनेर. जिकडे बघावं तिकडे द्राक्षबागा, आणि उत्तरेच्या उतारावर जयवंतअण्णा बोराड्यांची वायनरी. अण्णांच्या वाइनच्या बाटलीवर किल्ल्याचं चित्र होतं, पण किल्ल्यावर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन पडके बुरूज, एक दरवाजा आणि खडकात खोदलेली ही दोन टाकी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणारा. तीन वर्षं अर्ज करून, हेलपाटे घालून आणि टोमणे खाऊन काम सुरू झालं होतं. अण्णांनी सिमेंट दिलं होतं आणि वचन घेतलं होतं. पुढच्या माघातल्या द्राक्षमहोत्सवाला टाकं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे.

टाकं भरून राहत नव्हतं त्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठ्या टाक्याला लागून एक लहान टाकं आहे, कायम कोरडं, कारण त्याच्या तळाला खडकात भेग आहे. दोहोंच्या मधल्या भिंतीत, अगदी खालच्या अंगाला, अंगठा जाईल एवढं भोक. मोगली फौजेचा वेढा आठ महिने चालला, किल्ला काही पडेना. तेव्हा किल्ल्यावरच्या कान्हा पाथरवटानं फितूर होऊन हे भोक पाडलं, चांगल्या टाक्यातलं पाणी फुटक्या टाक्यात गेलं आणि किल्ला पडला. करंजनेरचा इतिहास तो एवढाच. कान्हाचे वंशज पूर्वेच्या घळीत, पाथरवाडीत राहतात. आडनाव धोत्रे, पण गाव त्यांना टाकंफोडेच म्हणतं. दर चैत्रात त्यांच्यातला एक जण एकटा गडावर जातो. पूर्वजाच्या पापाचं प्रायश्चित्त करायला, असं सगळे सांगत. लहानूबाबा गेली चाळीस वर्षं जात होते.

आणि आता हेच गृहस्थ मला सांगत होते की भोक बुजवू नका.

“का पण?” मी शेवटी ओरडलो. “एकदा नीट कारण सांगा आणि मला काम करू द्या.”

“त्याचं पानी खाली झिऱ्याला जातं सर. आमच्या वाडीच्या.”

“ते बघितलं आपण. तीन दिवस बघितलं.”

बघितलं होतंच. मी काही अगदी आडमुठा नव्हतो. येवल्याच्या रंगाऱ्याकडून राणी रंगाची पुडी आणून, दोन पिंप रंगीत पाणी मी कोरड्या टाक्यातल्या भेगेत ओतलं होतं. तीन दिवस पाथरवाडीच्या झिऱ्याशी माणूस बसवला होता. रंगाचा टिपूससुद्धा आला नाही. शास्त्रीय चाचणी म्हणतात ती हीच, असं मला वाटत होतं.

“पान्याला येळ लागतो,” लहानूबाबा म्हणाले. “माझा बाप म्हनायचा, चांदनं रितं असताना निगालं तर भरल्यावर पोचतं.”

साखळीतली पोरं हसली. मीही हसलो. “म्हणजे पंधरा दिवस थांबू? पाऊस तोंडावर आलाय, ह्यांच्या रजा परवा संपतायत, सिमेंटचा दगड होईल. चांदण्याच्या भरवशावर काम थांबवू?”

तेवढ्यात भोकाशी काम करणाऱ्यानं आत अडकलेलं एक लाकूड पकडीनं ओढून काढलं आणि गाळाच्या ढिगावर फेकलं. वीतभर लांब, काळं पडलेलं. लहानूबाबा उठले, ढिगातून ते लाकूड हुडकलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बंडीच्या खिशात घातलं.

ते बघून माझ्या मनात एकदम काहीतरी घाणेरडं उसळलं. दमलो होतो, चिडलो होतो, हे खरं. पण ते काही कारण नव्हे.

“बाबा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “तुमच्या कान्हानं पाडलेलं भोक आम्ही फुकट बुजवून देतोय. तुम्ही तर पेढे वाटायला हवेत. का अजून गद्दारी जपून ठेवायचीय?”

कुणी हसलं नाही. लहानूबाबांनी पायात वहाणा चढवल्या आणि पूर्वेच्या वाटेनं खाली उतरून गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत भोक बुजवलं, वरून दोन हात गिलावा केला. काम झकास झालं होतं.

त्यानंतर नऊ दिवसांनी, म्हणजे रंग ओतल्याला बरोब्बर चौदा दिवस झाले तेव्हा, सकाळी माझ्या दारात हौसाबाई आली. लहानूबाबांची थोरली सून. हातात पितळी तांब्या, त्यावर पदर झाकलेला. ती ओट्यावर चढली नाही. पायरीवर तांब्या ठेवला आणि पदर बाजूला केला.

पाणी फिकट गुलाबी होतं.

“झिऱ्याचं हाये,” ती म्हणाली. “रातीपासून असंच येतंय. बाया म्हनत्यात देवीचा कोप झाला.”

“लहानूबाबा काय म्हणाले?”

“म्हनले, सरांना दाखवून ये. काय बोलू नको, नुसतं दाखव.”

मी तांब्याकडे बघत राहिलो. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की तेव्हा नीटसं कळलं नव्हतं, पण ते खोटं आहे. तो येवल्याचा राणी रंग मी स्वतःच्या हातानं कालवला होता.

पण भोक बुजलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला होता, ‘तीन शतकांची जखम बुजली’ असा मथळा होता. अण्णांनी गटाला जेवण दिलं होतं. आता परत वर जाऊन सगळं फोडायचं? कुणाच्या सांगण्यावरून? टाकंफोड्यांच्या?

“कुणीतरी वरच्या अंगाला कापडं धुतली असतील,” मी म्हणालो. “दोन दिवसांत जाईल रंग.”

हौसाबाईनं माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली आणि गेली. तांब्या तिथेच राहिला. मी पाणी मोरीत ओतलं आणि तांब्या घासून फडताळात मागे ठेवून दिला.

पावसाळा उत्तम झाला. टाकं श्रावणातच भरलं आणि भरलेलंच राहिलं. माघात महोत्सव झाला. पाहुण्यांना जीपने अर्ध्या वाटेपर्यंत आणून वर चढवलं. निळं आभाळ टाक्यात उतरलं होतं आणि मुंबईची मंडळी फोटो काढून थकत नव्हती. अण्णांनी भाषणात मला ‘भोरकड्याचा भगीरथ’ म्हटलं. दरवाजाशी काळ्या दगडाच्या फलकाचं अनावरण झालं. फलकावरचा मजकूर माझाच. सोळा ओळींचा इतिहास, त्यात कान्हाच्या फितुरीला चार ओळी दिल्या होत्या. त्या चार ओळी लिहिताना माझा हात थांबला होता का? थांबला होता. पण लिहून झाल्या.

चैत्रात पाथरवाडीचा झिरा आटला.

असा तो कधीच आटला नव्हता. थेंब थेंब का होईना, आषाढापर्यंत चालायचा. चौदा घरं त्या एका झिऱ्यावर जगत होती. आता बाया डोक्यावर हंडे घेऊन दीड कोस खाली बागायतदारांच्या बोअरवर जायला लागल्या. छाटण्या चालू होत्या, बागांनाच पाणी पुरत नव्हतं. कुणी एक हंडा भरू द्यायचा, कुणी नाही. कॉलेजला जाताना मला त्या दिसायच्या. हौसाबाई दिसायची. तिनं मान वळवली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सरळ बघायची.

आठ दिवस मी ते सोसलं. नवव्या दिवशी वायनरीवर गेलो.

“अण्णा, टाक्याचं भोक परत उघडायला पाहिजे.”

अण्णा व्हरांड्यात बसून बाटल्यांच्या नव्या लेबलांचे नमुने बघत होते. त्यावर भरलेल्या टाक्याचं चित्र होतं. त्यांनी चष्मा काढला. “काय उघडायला पाहिजे?”

मी सगळं सांगितलं. रंग, तांब्या, चौदा दिवस. सांगताना मान वर होत नव्हती. ते शांतपणे ऐकत होते आणि मला उगाच आशा वाटायला लागली.

“सर, हे आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग बोलू नका. वाडीला मी टँकर लावून देतो.”

“वाडीला रस्ता नाही अण्णा. टँकर जाणार कसा?”

“पुढच्या वर्षी रस्ता करू. आपण काय कुणाचे दुष्मन आहोत?”

“ह्या वर्षी काय प्यायचं त्यांनी?”

“सर,” अण्णांचा आवाज चढला, “फलकावर तुम्हीच लिहिलंय ना, टाकं फोडलं म्हणून किल्ला पडला? आता तुम्हीच फोडणार? गाव जोड्यानं मारील तुम्हाला, आणि मी मधे पडणार नाही. चहा घ्या.”

गटाची बैठक बोलावली, तिथेही तेच. एक जण म्हणाला, सरांना उन्हाचा त्रास झालाय. दुसरा म्हणाला, आधी समिती नेमू. ज्या पोरांना मी गड दाखवला, तीच मला किल्ल्याची अस्मिता शिकवायला लागली. मी टेबलावर हात आपटला, पेला फुटला, बैठक संपली. माझीच भाषणं पाठ करून ती मला ऐकवत होती, हे जास्त झोंबलं.

तिथून मी तडक पाथरवाडीला गेलो. वाटेत घरी थांबून फडताळातला तांब्या घेतला.

लहानूबाबा घरासमोरच्या बाभळीखाली छिन्नीला धार लावत बसले होते. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

“लई दिस ठेवला,” ते म्हणाले.

“बाबा, चुकलं माझं.”

त्यांनी छिन्नी बाजूला ठेवली. आत जाऊन देव्हाऱ्यातून काहीतरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. दोन खुंट्या. दोन्ही खैराच्या, वीतभर लांब, तेल पिऊन काळ्या झालेल्या. एक सरळ, गुळगुळीत. दुसरीला एका अंगानं, टोकापासून टोकापर्यंत, करंगळीचं टोक बसेल एवढी खाच होती. ही दुसरी मी ओळखली. गाळाच्या ढिगावरची.

“ही साधी, आषाढात ठोकायची, पावसात गडावर कोन बी नसतं,” त्यांनी बोट ठेवून दाखवलं. “मंग टाकं भरतं. चैत्रात ही काढायची आन् ती खाचंची घालायची. करंगळीयेवढी धार लागती. आषाढापत्तुर पुरती.”

“आणि प्रायश्चित्त?”

“ते गाव म्हनतं. आमी म्हनू देतो. माझ्या आज्याला टाक्याला हात लावताना बघितलं, तर गावानं मरूस्तोर मारलं व्हतं. मंग आमी नाक घासाया जातो म्हनलं, की कोनी आडवत नाय.”

मी त्या खुंट्या हातात धरून खाली बसलो.

“मग कान्हानं भोक कशाला पाडलं?”

“येढा पडला तवा किल्लेदारानं जी मान्सं लढायची न्हवती ती खाली हाकलली. बाया, पोरं, म्हातारी. दानं वाचवाया. खाली फौज, वर दरवाजा बंद. ती या घळीत दडली. हितं पानी न्हवतं. कान्हाची बायकू बी त्यातच व्हती.” त्यांनी छिन्नीची धार अंगठ्यानं चाचपली. “त्येला भेगंचं ठावं व्हतं. टाकं त्येनंच खोदल्यालं.”

“आणि किल्ला त्यामुळे पडला?”

“पान्यानं पडला का दान्यानं, आमाला काय ठावं सर? घळीतली मान्सं जगली येवढं ठावं. आमी त्यांचीच.”

माझा सगळा राग परत उसळून आला, आणि ह्या वेळी कुणावर काढावा ते कळेना. “हे तेव्हाच का नाही सांगितलंत? काठावर दिवसभर बसला होतात! खुंटी दाखवली असती, एवढं सांगितलं असतं...”

“सांगितलं की. पानी खाली जातं म्हनलो.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “त्याच्यावर तुमी काय म्हनले ते आठवा.”

आठवत होतं. आजही शब्दन् शब्द आठवतो.

हौसाबाई दारात उभी होती. “मंग आता बाबा?”

“आता सरांनी बघावं,” लहानूबाबा म्हणाले. “आपन हात लावला तर गाव वाडी पेटवंल. सरांनी बुजलं, सरांनी फोडावं.” आणि धार लावलेली छिन्नी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुद्दाम दिवसाउजेडी गेलो. लपून केलं असतं तर ते पुन्हा पाथरवाडीच्याच माथी आलं असतं. टाक्यापाशी पर्यटक होते, अण्णांचा माणूस त्यांना माहिती सांगत होता. मी कोरड्या टाक्यात उतरलो, भोकाच्या जागेशी मांडी घालून बसलो आणि भिंतीवर पहिला घाव घातला.

“ओ सर! काय करताय?”

मी घाव घालत राहिलो. सिमेंट आम्ही चांगलं कालवलं होतं, त्याची पहिल्यांदाच चीड आली. हाताला फोड आले, फुटले. काठावर गर्दी जमली. कुणी तरी फोन लावले, कुणी शिव्या दिल्या, एक दगड माझ्या खांद्याला लागला. दोन तासांनी छिन्नी एकदम आत गेली आणि पाण्याची धार छातीवर आदळली. इतकी गार होती की मी ओरडलो. मग चाचपडत खाचेची खुंटी आत घातली आणि हातोडीनं बसवली. धार करंगळीएवढी झाली. भेगेपाशी पोचली आणि दिसेनाशी झाली.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. गटानं मला काढलं. अण्णांनी भर चौकात विचारलं, “किती घेतलेत सर?” कॉलेजात चौकशी झाली, नोकरी कशीबशी वाचली. घराच्या भिंतीवर कुणी तरी कोळशानं ‘टाकंफोड्या’ लिहून ठेवलं. भोक परत बुजवायचीही भाषा झाली, पण तोवर महोत्सवाला दहा महिने होते आणि फुकट सिमेंट वाहायला कुणी तयार होईना.

मी मात्र दिवस मोजत होतो. चौदा झाले. काही नाही. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पायरीवर काहीतरी वाजलं. बाहेर आलो तर हौसाबाई. तोच तांब्या. तिनं पदर बाजूला केला. पाणी स्वच्छ होतं, तळाचं पितळ दिसत होतं.

“बाबा काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय बोलू नको म्हनले,” ती म्हणाली. “नुसतं दाखव.”

मी तांब्या उचलला आणि तिथेच उभ्यानं सगळं पाणी प्यालो. ह्या वेळी ती रिकामा तांब्या घेऊन गेली.

सतरा वर्षं झाली त्याला. लहानूबाबा त्यानंतर तिसऱ्या वर्षी गेले. जाण्याआधी दोन्ही खुंट्या त्यांनी माझ्याकडे पाठवल्या. वाडीतलं कुणी वर गेलं की गाव डोळे वटारतं, सरांचं नाव तर खराब झालेलंच आहे, असा त्यांचा निरोप होता. फलक बदलावा म्हणून मी एकवीस अर्ज केले. पुरावा काय, असं प्रत्येक वेळी विचारतात. खैराच्या दोन खुंट्या पुराव्यात बसत नाहीत. स्वतः लिहिलेल्या चार ओळी मला स्वतःला पुसता येत नाहीत, ह्याच्यासारखा वैताग दुसरा नाही.

ह्या चैत्रात गेलो तेव्हा दरवाजाशी वायनरीचा नवा गाइड पर्यटकांना फलक वाचून दाखवत होता. मला तो ओळखत नव्हता.

“टाकं दोनदा फुटलंय बरं का,” तो सांगत होता. “पहिल्यांदा कान्हा पाथरवटानं. दुसऱ्यांदा इथल्याच एका मास्तरनं. दोघंही फितूर.”

“त्यानं कशाला फोडलं?” एका बाईनं विचारलं.

“कुणास ठाऊक. पण दर चैत्रात येतो म्हणे इथे. प्रायश्चित्त करायला.”

मी पिशवीतली खाचेची खुंटी चाचपली. त्या चार ओळींसमोरून जाताना त्याला म्हणालो, “बरोबर आहे,” आणि कोरड्या टाक्यात उतरलो.